फडाशेजारी एक मॅट अंथरा : सातारा-सांगलीच्या यात्रा कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सर्व यात्रा कमिट्यांचे अध्यक्ष, सदस्य, गावकारभारी आणि तालमींचे वस्ताद,

सप्रेम नमस्कार.

माघ-फाल्गुनात गावोगाव यात्रेच्या बैठका सुरू होतात. छबिना कधी, पालखी कुठून, वर्गणी किती, तमाशा कुणाचा, बैलगाड्यांच्या शर्यतीचं काय, हे ठरता ठरता विषय कुस्त्यांच्या मैदानावर येतो. आणि तिथं पहिला प्रश्न एकच असतो : यंदा एक नंबरची कुस्ती कुणाची लावायची? पंजाबचा पैलवान आणायचा, हरियाणाचा, की थेट इराणचा?

मी कराड तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवतो. तरुणपणी मातीत लढलो, आता मुलांना माती आणि मॅट दोन्हींवर उतरवतो. यंदाच्या बैठकीत त्या पहिल्या प्रश्नाच्या जोडीनं दुसराही एक विषय घ्यावा, ही विनंती करायला हे पत्र लिहितोय. तुमच्या मैदानावर, त्याच दिवशी, त्याच प्रेक्षकांसमोर, फडाशेजारी एक मॅट अंथरा. गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या मुला-मुलींची वजनं घ्या, वजनगटात जोड लावा आणि सहा मिनिटांच्या कुस्त्या गुणांवर खेळवा. एक नंबरच्या इनामातला एक वाटा या मुलांच्या पुढच्या वर्षभराच्या खुराकासाठी आणि प्रवासासाठी बाजूला काढा.

मागणी एवढीच आहे. पण ती का करतो, हे सविस्तर सांगायला हवं, कारण यात मातीची कुस्ती मागं टाकायचा डाव आहे असं कुणाला वाटू नये.

पोस्टरवर ‘इराण’ हा शब्द छापला की गर्दी वाढते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कुंडलच्या मैदानाला, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला माणूस लांबलांबून येतो. परदेशी पैलवान लंगोट-जांग्यावर आखाड्यात उतरतो, आपली माती कपाळाला लावतो, हलगी कडाडते आणि सगळं मैदान उठून उभं राहतं. यात नुसती परक्याची नवलाई नसते. आपला पोरगा जगापुढं कितपत टिकतो, हे माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. जगात ऑलिंपिक, विश्वचषक चालतात ते याच ओढीवर.

ही ओढ केवढी ताकदवान आहे ते कुस्तीनंच दाखवलंय. १९७९ च्या क्रांतीनंतर इराण आणि अमेरिका यांच्यात बोलाचाली उरली नव्हती. १९९८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचा कुस्ती संघ तेहरानला गेला. इराणचे थोर पैलवान तख्ती यांच्या नावाची स्पर्धा होती आणि भरलेल्या हॉलनं अमेरिकन पैलवानांसाठी टाळ्या वाजवल्या. पुढं २०१३ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीला ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस केली. तेव्हा हेच दोन देश एका बाजूला उभे राहिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात मॅट टाकून इराणी आणि अमेरिकन पैलवान लढले, कुस्ती वाचावी म्हणून. नियम बदलले, संघटनेचं नेतृत्व बदललं आणि सप्टेंबरात कुस्ती परत ऑलिंपिकमध्ये आली. सरकारं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, त्या काळात पैलवान एकमेकांचे हात धरून उभे होते.

ज्या तख्तींच्या नावानं ती तेहरानची स्पर्धा भरते, ते गुलामरेझा तख्ती १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकले. त्याच हेलसिंकीत, २३ जुलै १९५२ ला, आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटात सुवर्ण मिळवलं जपानच्या शोहाची इशी यांनी आणि रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांनी. या तीन नावांपाशी जरा थांबा. युद्धानंतर १९४८ ला जपानला बोलावणंच नव्हतं, १९५२ ला तो देश पहिल्यांदा परत आला आणि त्या ऑलिंपिकमधलं जपानचं एकुलतं एक सुवर्ण इशी यांचं होतं. सोव्हिएत संघाचं ते पहिलंच ऑलिंपिक. आणि तिसरा पाच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाचा, कराडजवळच्या खेड्यातला. एका विजयमंचावर जगाचा केवढा इतिहास उभा होता!

खाशाबांची गोष्ट आपण सगळे सांगतो. १५ जानेवारीला, त्यांच्या जन्मदिनी, राज्य क्रीडा दिनही साजरा करतो. पण त्या गोष्टीतले दोन तपशील यात्रा कमिट्यांनी खास लक्षात घ्यावेत असे आहेत.

पहिला तपशील मॅटचा. १९४८ ला लंडनला खाशाबा सहावे आले. मातीत घडलेला हा पैलवान, त्याला मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. लंडनच्या आधी रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाकडून त्यांनी काही शिकून घेतलं आणि पुढची चार वर्षं तयारी केली, तेव्हा हेलसिंकी झालं. तिथंही इशी यांच्याबरोबरची दमवणारी लांबलचक कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती हा त्यांचा हक्क होता. पण तो हक्क मागायला, नियम दाखवायला तिथं भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. नियम जाणणारा माणूस जवळ नसणं किती महाग पडतं, ते यात दिसतं.

दुसरा तपशील पैशाचा. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिरवणुकीनंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, जिंकले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. म्हणजे ऑलिंपिकचं कर्ज फेडलं ते आपल्या मैदानांनी, आखाड्याभोवती मांडी घालून बसलेल्या माणसांनी. फड आणि ऑलिंपिक यांचं नातं आपल्या जिल्ह्यात असं पक्कं बांधलेलं आहे. मला ते पुन्हा जागं झालेलं बघायचंय.

कारण त्यानंतरचा हिशेब मनाला लागतो. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर या दोघांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्णपदकं आणली. मात्र ऑलिंपिकमध्ये खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या एकाही पैलवानाला पदक मिळालेलं नाही. २००८ पासून भारताला कुस्तीत ओळीनं पदकं मिळताहेत, सगळी हरियाणा-दिल्लीच्या आखाड्यांतून. २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सहरावतनं कांस्य घेतलं, तेही ५७ किलो गटात, खाशाबांच्याच वजनाचं. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं आणि ते आणलं कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं, नेमबाजीत.

मग आपल्या पोरांत रग कमी आहे का? अजिबात नाही. रग आहे, घरचं दूध आहे, वस्ताद आहेत. आपली मुलं वयाच्या ज्या टप्प्यावर शिकतात, त्या टप्प्यावर जगात चालणाऱ्या नियमांशी त्यांची गाठच पडत नाही. मातीत ताकद आणि दम घडतो. मातीत पाय रोवतो, पकड घट्ट होते, घिस्सा, ढाक, कलाजंग असे डाव अंगात मुरतात. मॅटवर पाय घसरतो, वेग लागतो, एकेरी पट काढून (एक पाय धरून पाडून) दोन गुण घेतले की लगेच पुढचा हल्ला करावा लागतो. तीन मिनिटांची एक फेरी, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, पुन्हा तीन मिनिटं. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. मागं मागं सरकणाऱ्याला पंच ताकीद देतो. टोकियोत ८६ किलोच्या अंतिम कुस्तीत इराणच्या हसन यझदानीकडं शेवटच्या काही सेकंदांपर्यंत आघाडी होती, आणि तेवढ्यात अमेरिकेच्या डेव्हिड टेलरनं पट काढून सुवर्ण नेलं. सेकंदांचं हे भान अठराव्या वर्षी शिकायला घेतलं तर उशीर होतो. दहाव्या-बाराव्या वर्षीच ते लागतं.

आणि वजन! पॅरिसमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली, पहिल्याच कुस्तीत तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं, आणि दुसऱ्या सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून अपात्र ठरली. अख्खा देश हळहळला. गावागावांत ‘शंभर ग्रॅमनं काय होतंय’ अशी चर्चा झाली. पण जगाच्या खेळाची ताकद त्या काट्यातच आहे. ५७ किलो म्हणजे गोळेश्वरात ५७ आणि हेलसिंकीतही ५७. चारशे मीटरची धावपट्टी सगळीकडं चारशेच मीटरची. त्यामुळंच गरीब गावातल्या पोराला श्रीमंत देशाच्या पोरासमोर उभं राहून ‘मोजा आता’ असं म्हणता येतं. शिफारस, घराणं, भाषा, कातडीचा रंग, काही आड येत नाही. आपल्या मैदानावर मात्र वजनाचा काटाच नसतो. जोड लावताना नजरेनं अंदाज घेतला जातो आणि कित्येकदा पंधरा-वीस किलोंच्या फरकानं लहान पोरं एकमेकांसमोर उभी राहतात. हलक्या पोराच्या मानेला-खांद्याला दुखापत होते आणि पुढच्या वर्षी ते तालमीकडं फिरकत नाही. मी असे मुलगे पाहिलेत. चांगले होते.

माप मिळालं की आपली माणसं काय करतात, ते आपल्याच भागात बघा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. पाण्यासाठी टँकरची वाट बघणारा तो मुलूख. २०१६ ला रिओमध्ये तिनं ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत धावणारी ती पहिली भारतीय स्त्री. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव. आई-वडील मजुरी करायचे, तो टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक खेळला. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. शाळेत असताना झालेल्या अपघातानं डावा हात अधू झाला, पण पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये त्यानं १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. सुवर्ण अवघ्या सहा सेंटिमीटरनं हुकलं. आणि साताऱ्याची आदिती स्वामी. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. अंतिम लढतीत १५० पैकी १४९ गुण. युसेन बोल्टनं शंभर मीटरचा ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेही याच बर्लिन शहरात.

बोल्टचं नाव आलं तर जमैकाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. क्रीडाशिक्षक म्हणून ज्या देशाचा मी सगळ्यात जास्त विचार करतो तो हाच. सातारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर, जमैकाचं १०,९९१. साताऱ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३० लाख, जमैकाची सुमारे २८ लाख. म्हणजे अख्खा जमैका हा आपल्या एका जिल्ह्याएवढा देश. त्यातूनच बोल्ट आला, शेली-अॅन फ्रेझर-प्राइस आली, २००८ ला बीजिंगमध्ये महिलांच्या शंभर मीटरची तिन्ही पदकं जमैकाच्या मुलींनी घेतली.

हे कसं झालं असं विचारलं तर तिथली माणसं एका शब्दात उत्तर देतात : ‘चॅम्प्स’. ही शाळकरी मुला-मुलींची मैदानी स्पर्धा. मुलांची स्पर्धा १९१० पासून चालत आलेली, मुलींची पुढं तिला जोडली गेली. दरवर्षी साधारण मार्चअखेर, ईस्टरच्या आसपास, किंग्स्टनच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ती भरते. माजी विद्यार्थी शाळेच्या रंगाचे कपडे घालून येतात, ढोल वाजतात, स्टेडियम ओसंडून वाहतं, घराघरांत टीव्हीवर ती दिसते. ही त्या देशाची यात्रा म्हणायची! तिथं गर्दी कुणासाठी जमते? बाहेरून पैसे देऊन आणलेल्या नामवंतासाठी नाही. आपल्या शाळेच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरासाठी. बोल्टनं २००३ मध्ये याच स्पर्धेत २०० आणि ४०० मीटरचे विक्रम केले, तेव्हा तो विल्यम निब शाळेचा विद्यार्थी होता. हजारो माणसं आपल्या नावानं ओरडतात, घड्याळ अचूक वेळ दाखवतं आणि ती वेळ जगातल्या कुठल्याही वेळेशी ताडून बघता येते. पोराला आणखी काय लागतं?

आपल्याकडं गर्दी तयार आहे. हलगी आहे, शिट्ट्या आहेत, एका पटावर मैदान डोक्यावर घेणारा प्रेक्षक आहे. अशी गर्दी मोठमोठ्या देशांतल्या संघटनांना पैसे खर्चूनही मिळत नाही. आपण त्या गर्दीसमोर आपली मुलं उभी करतो ती दुपारी दोन-अडीचला, उन्हात, नारळाच्या कुस्त्या म्हणून, माणसं अजून जमायची असताना. आखाड्यात एकाच वेळी दहा-दहा जोड सुटतात, कुणाचं नाव पुकारलं जात नाही, कुणी जिंकलं ते आई-बापाशिवाय कुणाला कळत नाही. संध्याकाळी मैदान भरतं तेव्हा मुलं घरी गेलेली असतात.

म्हणून मॅटच्या कुस्त्या पाच वाजता ठेवा, मैदान भरल्यावर. एक नंबरच्या आधी. लाउडस्पीकरवर मुलाचं नाव, गाव, तालीम, वजन पुकारा. गुणफलक लावा. प्रेक्षकाला नियम समजत नाहीत ही अडचण चार कुस्त्यांत संपते. क्रिकेटचे डकवर्थ-लुईस समजून घेणारी माणसं आहेत आपली, दोन गुणाचा पट त्यांना का समजणार नाही? गुणांचा आणखी एक फायदा तुम्हाला वेगळा सांगायला नको. तासभर पकडापकडी, मग बरोबरीत सोडवलेली कुस्ती, मग नुरा, म्हणजे आधीच ठरवून लढल्याची कुजबुज, यानं मैदानांची पत घसरलीय. पंचानं हात वर करून गुण दाखवला की शंकेला जागा राहत नाही.

आता मुलींबद्दल. हा भाग मी हात जोडून लिहितोय. २००४ पासून महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आहे. २०१६ ला साक्षी मलिकनं पदक आणलं. २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्या सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा उचलली. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीत फटाके फुटले, कारण त्या संघात सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती. आपल्या जिल्ह्यांतली कितीतरी गावं मुलींच्या कुस्त्या लावतात, त्यांचं मनापासून अभिनंदन. पण अजूनही अशी मैदानं आहेत जिथं ‘आखाड्याला बाईचा पाय लागू द्यायचा नाही’ असं सांगून मुलीला परत पाठवतात. त्या कमिट्यांना माझं सांगणं : मातीबद्दल तुमची श्रद्धा असेल, तिच्याशी मी वाद घालत नाही. मॅटवर तर असा कुठला नेम नाही ना? मग मुलींची सुरुवात मॅटवरून करा. इनाम मात्र मुलांएवढंच ठेवा. माझ्या शाळेतल्या मुली सकाळी साडेपाचला सरावाला येतात आणि मग घरची कामं उरकून वर्गात बसतात. त्यांच्या गावच्या यात्रेत त्यांचं नाव पुकारलं जावं, एवढं तरी त्यांचं देणं गाव लागतं.

एक कडू विषयही काढतो. मैदानं मोठी झाली, इनामं लाखांत गेली, त्याबरोबर इंजेक्शनं आली. तालमीच्या मागं सापडणाऱ्या सुया सगळ्यांना दिसतात, बोलत कुणी नाही. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या आकड्यांत, मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये भारतात दोषी नमुन्यांचं प्रमाण सर्वाधिक निघतं, आणि कुस्ती त्यात मागं नाही. विसाव्या वर्षी फुगवलेलं शरीर पंचविसाव्या वर्षी मूत्रपिंड आणि हृदय घेऊन बसतं. ज्या मुलाला उद्या राष्ट्रीय शिबिरात जायचंय, त्याचा नमुना कधीही घेतला जाईल, हे त्याला आजच माहीत हवं. यात्रेच्या मैदानावर चाचणी करणं कमिटीच्या हातात नाही, हे मान्य. पण पोस्टरवर आणि माइकवर ‘उत्तेजक घेणाऱ्याला या मैदानावर जागा नाही’ असं स्पष्ट सांगणं हातात आहे. आणि उत्तेजक चाचणीत दोषी ठरून बंदी भोगत असलेल्या पैलवानाला एक नंबरला न लावणं तर नक्कीच हातात आहे.

खर्चाचं म्हणाल तर मॅट महाग असते, एका गावानं ती विकत घ्यावी असं मी म्हणत नाही. यात्रा वेगवेगळ्या तारखांना असतात. दहा गावांनी मिळून एक मॅट घेतली आणि ट्रॅक्टरवरून गावोगाव फिरवली तरी हंगाम निघतो. यात्रेनंतर ती एखाद्या शाळेत किंवा तालमीत अंथरून ठेवली तर वर्षभर सराव होईल. साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ कुस्तीवर प्रेम करतात आणि दरवर्षी इनामं देतात. त्यांना इनामाऐवजी एका वर्षी मॅट मागून बघा. पंच मिळतात. वजनकाटा तर गावच्या दुकानातही असतो. मैदानाशेजारी एक डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी ठेवा, ती मातीच्या कुस्त्यांनाही लागतेच.

आणि वाटा. एक नंबरच्या इनामातून किती काढायचा ते गावानं ठरवावं. त्यातून मॅटवर जिंकलेल्या एका मुलाचं आणि एका मुलीचं वर्षभराचं दूध, बदाम, तूप आणि निवड चाचण्यांचा प्रवास निघावा. राज्य शालेय स्पर्धा, मग राष्ट्रीय. रिझर्व्हेशन नाही, सोबत कोण जाणार, राहायचं कुठं, इथंच बहुतेक मुलं गळतात. प्रत्येक वेळी प्राचार्य खर्डेकर भेटतीलच असं नाही, आणि एका शिक्षकाच्या घरावर हा भार टाकणं बरोबरही नाही. गावानं मिळून उचलला तर कुणालाच जड होत नाही.

वस्ताद मंडळींना स्वतंत्र सांगतो. तुमच्या हाताखाली लाल मातीत ताक, तेल, हळद, कापूर मिसळून जो आखाडा तयार होतो, त्याला जगात तोड नाही. तो तसाच राहावा. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात आणि शेवटी दोघांचे विजेते भिडतात. दोन्ही लागतात हे आपल्या सर्वोच्च स्पर्धेनं कधीच मान्य केलंय. तुमच्या तालमीतल्या पोराला मातीतली ताकद आणि मॅटवरचा वेग दोन्ही मिळाले, तर त्याच्या गुरूचं नाव जगाच्या मैदानावर घेतलं जाईल.

दिवसही चांगले आहेत. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत, २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारत प्रयत्न करतोय. आज आठ-नऊ वर्षांचं असलेलं तुमच्या गावचं पोर २०३६ ला ऐन भरात असेल. दीड लाख वस्तीचा कुरासाव फुटबॉलच्या विश्वचषकाला पात्र ठरलाय, सातारा शहराहून थोडासाच मोठा देश. त्यांना जमलं.

कराड, खटाव, वाळवा, पलूस आणि कडेगाव तालुक्यांतल्या काही क्रीडाशिक्षकांशी आणि पंचांशी मी बोललोय. वजनं घेणं, गट पाडणं, पंचगिरी, गुणफलक, ही सगळी कामं आम्ही विनामोबदला करू. जेवणाची आणि जाण्या-येण्याची सोय गावानं करावी, एवढंच. यात्रेच्या किमान तीन आठवडे आधी कळवा, म्हणजे शाळांमधून मुलांची यादी आणि पालकांची लेखी संमती घेता येईल. ज्या गावांची यात्रा चैत्री पौर्णिमेच्या आसपास आहे, त्यांनी पाडव्याच्या किमान आठवडाभर आधी निरोप द्यावा. पहिल्या वर्षी आठ जोड लागले तरी चालतील, त्यात निदान तीन मुलींचे असावेत.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक
कराड तालुका, जि. सातारा